गोधडीखालचा स्टुडिओ : आवाजाचा छंद सुरू करायचाय, कुठून करू?

अबोली (सोमवार, दुपारी २:४०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चूकभूल द्यावी घ्यावी.

मी डोंबिवलीची. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन दीड वर्ष झालं. सासूबाईंची नजर शेवटची चार वर्षं जवळजवळ गेलेलीच होती, त्यामुळे निवृत्तीनंतर रोज दुपारी जेवणं आटपली की मी त्यांना पेपर वाचून दाखवायचे. अग्रलेख त्यांना नको असायचा. आधी निधनवार्ता, मग छोट्या जाहिराती, मग राशिभविष्य, ह्याच क्रमानं. 'वधू पाहिजे' मी जरा रंगवून वाचायला लागले की म्हणायच्या, "अगं, वय राहिलं बघ." त्या मागच्या श्रावणात गेल्या. आता दुपारचे दोन वाजले की मला काहीतरी मोठ्यानं वाचावंसं वाटतं, आणि ऐकायला घरात कोणी नाही.

तर गोष्टी वाचणं, कार्टूनचे आवाज काढणं, श्रुतिका असलं काहीतरी छंद म्हणून करायचंय. नोकरी नको, नाव नको. भाचा म्हणतो आधी पंधरा हजारांचा माईक घे. माझे प्रश्न :
चौपन्नाव्या वर्षी हे जमतं का? माईक घ्यावाच लागतो का? क्लास लावू का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, फोनवर रेकॉर्ड केलेला माझाच आवाज ऐकून "ही कोण चिरकी बाई?" असं वाटलं. तो सुधारतो का?

टेकडीवरचा (सोमवार, दुपारी ३:१५)

मस्त धागा. आयडी अबोली आणि छंद बोलण्याचा, वा!

भाच्याला नाराज करू नका, पण पंधरा हजार लागत नाहीत. सुरुवातीला थेट यूएसबीनं लॅपटॉपला लागणारा साधा माईक पुरतो. मोठे माईक घेतलेत तर ते लॅपटॉपला जोडायला मध्ये एक इंटरफेसचा डबा लागतो, कंडेन्सर (जास्त संवेदनशील जातीचा माईक) असेल तर त्याला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच जाणारी वीज, मग स्टँड, मग केबल... हा खड्डा खोल आहे. मी त्यात पडून चार वर्षं झाली, बायको अजून वरूनच हाक मारते.

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला ऑडॅसिटी घ्या. फुकट आहे, २००० सालापासून आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं.

कानसेन (सोमवार, रात्री ११:०५)

सगळ्यांनी जरा थांबा.

ताई, माईक घेऊ नका. निदान महिनाभर नाही. मी मुंबईत डबिंगच्या फायली साफ करून पोट भरतो. घरून आलेल्या खराब रेकॉर्डिंगमध्ये दहापैकी आठ वेळा दोष खोलीचा असतो. कंडेन्सर माईक तर उलट जास्त ऐकतो. तो तुमच्या आवाजाबरोबर शेजारच्यांची फोडणीही टिपतो.

आधी दोन गोष्टी करा. एक : ज्या खोलीत बसणार तिथं मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून 'टण्ण' असं काही उरलं तर ती खोली बाद. दोन : फोन ठेवा, एक मिनिट काहीही न बोलता रेकॉर्ड करा आणि इअरफोन लावून ऐका. जे जे ऐकू येईल त्याची यादी इथं टाका. मग बोलू.

आवाज चिरका वाटतो ते सगळ्यांनाच. आपण बोलताना आपला आवाज हवेतून येतो तसा कवटीच्या हाडांमधूनही कानात पोचतो, आणि हाडं त्यातला खर्ज वाढवतात. रेकॉर्डिंगमध्ये ती हाडं नाहीत. जगाला तुमचा आवाज आजवर असाच ऐकू येत होता, कोणी तक्रार केली होती का?

अबोली (मंगळवार, दुपारी ४:३०)

कानसेन, मिनिटभराची यादी. हसू नका.

१. फ्रीज. तो इतका गुरगुरतो हे अठ्ठावीस वर्षांच्या संसारात आज कळलं.
२. कबुतरं. खिडकीच्या जाळीच्या पलीकडे, दोन.
३. लिफ्ट. कोणीतरी दार उघडं टाकलं होतं आणि ती बाई "कृपया दरवाजा बंद करें" पाचदा म्हणाली. (आवाज छान आहे हो तिचा.)
४. लांबून लोकलचा भोंगा.
५. माझ्या बांगड्या! मी हललेही नव्हते, नुसता श्वास घेतला.

टाळी : हॉलमध्ये देवळात वाजवल्यासारखी. बेडरूममध्ये बरी. मग सहज लोखंडी कपाटाचं दार उघडून साड्यांसमोर वाजवली, तर टाळी वाजलीच नाही म्हणावं इतकी विझली.

कानसेन (मंगळवार, रात्री ११:४०)

सापडला तुमचा स्टुडिओ. कपाटाकडे तोंड करून बसा आणि पाठीमागे दोरीवर जाड गोधडी टाका, कारण आवाज समोर जाऊन विरला तरी मागच्या भिंतीवरून परत येतो. गोधडी जितकी जुनी आणि जड तितकी उत्तम. भिंतींना अंड्याचे ट्रे चिकटवा असं कोणी सांगेल, त्याचं ऐकू नका, त्यानं काही होत नाही.

फ्रीज तेवढ्यापुरता बंद करा आणि घराची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा. चालू करायला विसरलात तरी बाहेर पडताना आठवेल. माझं अर्धा किलो पनीर गेल्यावर मला ही युक्ती सुचली. बांगड्या काढा, खळ घातलेली कॉटनची साडी नको, पंखा बंद. घाम येईल. सगळ्यांनाच येतो.

न्यूजर्सीकर (बुधवार, सकाळी ६:१०)

गाडीला विसरलात मंडळी. गॅरेजमध्ये उभी केलेली, इंजिन बंद केलेली गाडी हा उत्तम बूथ असतो. सीटा मऊ, छताला कापड, दारांना रबर. आमच्या मराठी शाळेतल्या पोरांसाठी मी गोष्टी तिथंच वाचतो. बाहेरून जाणारे शेजारी हात करतात, त्यांना वाटतं मी घरातून हाकललेला आहे.

बंड्या_मास्तर (बुधवार, रात्री ९:२५)

खोली आणि गोधडी झाली असेल तर अभिनयाबद्दल कोणी बोलेल का? मी वाईचा, निवृत्त शिक्षक, बावीस वर्षं राज्य नाट्य स्पर्धेत तोंडाला रंग लावला. माझा समज होता की आवाजाचं काम म्हणजे आपला डाव्या हाताचा मळ. पहिल्यांदा एका श्रुतिकेला बोलावलं, मी शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत पोचेल असा पहिला डायलॉग फेकला. काचेपलीकडच्या पोरानं हेडफोन काढून कान चोळला आणि म्हणाला, "सर, प्रेक्षक एक वीत लांब आहे."

तेवढं एक वाक्य मला पुरलं. खरंच एक वीत. अंगठा हनुवटीला लावायचा, करंगळी माईकला. त्याहून जवळ गेलात तर आवाज उगीच घुमतो, लांब गेलात तर खोली ऐकू येते. आणि तेवढ्या अंतरावर माणूस कसा बोलतो? ओरडत नाही. तो एकाला सांगतो. तुम्ही सासूबाईंना वाचून दाखवत होतात ना, तुमचं अर्धं शिक्षण तिथंच झालंय. 'श्रोतेहो' म्हणून हजारांना वाचायला जाल तर ते जाईल.

सरावाला माझा आवडता खुराक म्हणजे नाट्यछटा. एकच माणूस बोलतो, समोरच्याचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, पण त्यानं काय म्हटलं ते बोलणाऱ्याच्या उत्तरातून कळायला हवं. म्हणजे तुम्हाला त्या न ऐकू येणाऱ्या माणसाचं वाक्य मनात पूर्ण ऐकावं लागतं, तेवढा वेळ थांबावं लागतं, मगच पुढचं बोलायचं. नवशिके ती जागा मोजून भरतात, एक-दोन-तीन, आणि लगेच कळतं की समोर कोणी नाही. दिवाकरांच्या घ्या, मराठीत हा प्रकार त्यांनीच रुजवला.

आणि क्लास लावण्याआधी रोज वीस मिनिटं हे करा : ओठ मिटून गुणगुणणं, मग लहान मूल फुरफुर करतं तसे ओठ उडवणं, मग 'काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले' आणि 'चटईला टाचणी टोचली' आधी सावकाश, मग भरभर. दातात पेन्सिल धरून बोलायचं खूळ आहे, मला ते पटत नाही. जबडा दुखतो आणि पेन्सिल काढल्यावरही माणूस पेन्सिल असल्यासारखा बोलतो.

वऱ्हाडी_ठेचा (बुधवार, रात्री १०:५०)

मास्तर, लाख मोलाचं बोललात. माझा प्रश्न वेगळा आहे. मी अकोल्याचा. आवाज जाड आहे, मित्र म्हणतात डबिंग कर. पण एका ठिकाणी चाचणीले गेलो तर समोरचा बाप्या हसूनच राह्यला. म्हणे आधी शुद्ध बोलायले शिका. तर हे वऱ्हाडी वळण काढून टाकावं काय?

कानसेन (गुरुवार, रात्री १२:२०)

काढू नका. ठेवा आणि वर प्रमाण मराठीही शिका, म्हणजे दोन कपडे झाले. अस्सल वऱ्हाडी बोलणारा शोधायला गेलं की मिळतो तो पुण्याचा पोरगा, जो प्रत्येक वाक्यात 'बाप्पा' घालतो. तुम्हाला ते ऐकून काय वाटतं ते तुम्हीच सांगा.

खरी चूक 'शुद्ध' बोलणाऱ्यांकडूनच होते. मराठीत 'च' आणि 'ज' दोन-दोन आहेत, लिहिताना एकच अक्षर. 'ती जात होती' मधला ज दातांपाशी, 'जातपात' मधला टाळूवर. 'चूल' आणि 'चहा' एका पाठोपाठ म्हणून बघा, जीभ जागा बदलते. 'माझा' आणि 'माझी' तसंच. इंग्रजी शाळेतून आलेली आणि हिंदीत काम करून सवय झालेली मंडळी सगळं टाळूवर नेऊन ठेवतात, आणि ऐकणाऱ्याला नक्की काय खटकलं ते सांगता येत नाही. 'हे जग सोडून' आणि 'तू सुखानं जग' एकाच ज नं म्हटलेलं मी ऐकलंय. फाईल परत पाठवली तर कलाकार विचारतो, चुकलं काय?

दुसरं म्हणजे फ आणि भ. प-ब तर फुटतातच, पण आपल्या भाषेत हवेची अक्षरं भरपूर. तोंडासमोर तळहात धरून "भाऊनं फणस फोडला" म्हणा. तळहाताला जो वारा लागला तो माईकवर 'भप्प' असा बसतो. उपाय सोपा : माईक तोंडासमोर नको, ओठांच्या कोपऱ्याच्या रेषेत, जरा तिरका. वर भरतकामाच्या रिंगमध्ये जुना पातळ मोजा ताणून मध्ये उभा करा.

टेकडीवरचा (गुरुवार, सकाळी ८:००)

त्या मोज्याच्या रिंगेला बाजारात पॉप फिल्टर म्हणतात आणि मी तो विकत घेतलाय. असो.

रेकॉर्डिंगची शिस्त सांगतो. बोलताना सर्वात मोठा आवाज पडद्यावरच्या पातळीच्या पट्टीवर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्या. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि फाटलेला परत शिवता येत नाही. सुरुवातीला पाच-दहा सेकंद गप्प बसा, त्या शांततेचा नमुना ऑडॅसिटीला दाखवला की तो तेवढी घरघर पूर्ण फाइलमधून कमी करतो. जास्त कमी केलीत तर मात्र माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं.

चुकलात तर थांबवू नका. एक टाळी वाजवा, दम घ्या, वाक्य पहिल्यापासून म्हणा. नंतर पडद्यावर टाळी उंच काठीसारखी दिसते, चुका शोधायला फाईल ऐकत बसावं लागत नाही. वाक्य मध्येच जोडू नका, सूर जुळत नाही.

मोजपट्टी हवी असेल तर ऑडिबल ही बोलक्या पुस्तकांची कंपनी, तिच्या एसीएक्स विभागाची घ्या : सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, शिखर उणे ३ च्या वर नाही आणि गप्प असतानाचा गोंगाट उणे ६० च्या खाली. गोधडीखाली उणे ६० गाठणं म्हणजे पर्वती चढण्याइतकं, धाप लागते पण होतं.

पाणीकम (गुरुवार, दुपारी १:१५)

वाचतोय. पण पैसे किती मिळतात ते कोणीच का सांगत नाही?

कानसेन (गुरुवार, दुपारी १:३०)

कारण धागा छंदाचा आहे.

माजघर (गुरुवार, दुपारी ३:४५)

पैशांचा विषय निघालाच आहे तर माझा अनुभव सांगते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. मागच्या वर्षी 'मराठी आवाज हवेत, घरबसल्या काम' असा निरोप आला. नमुना म्हणून चाळीस मिनिटांची वाक्यं वाचून मागितली. ना गोष्ट, ना जाहिरात, नुसती सुटी वाक्यं. 'आज हवा छान आहे.' 'तुमचा नंबर सांगा.' 'नाही, मला तसं वाटत नाही.' आनंदी, रागीट, थकलेल्या, अशा तिन्ही सुरांत. मी हौसेनं दिली. काम आलंच नाही, फोन बंद. नंतर एका जाणत्यानं सांगितलं की असली वाक्यं यंत्राला आवाज शिकवायला लागतात. माझा आवाज कुठं काय बोलतोय, देव जाणे.

काम देणारा नमुना मागतो तो दोन मिनिटांचा, आणि बहुधा त्याच्याच संहितेतला. चाचणीसाठी उलट तुमच्याकडून पैसे मागणारा तर नकोच नको.

वकीलबाई (गुरुवार, संध्याकाळी ७:२०)

माजघर, वाईट वाटलं. आवाजावर माणसाचा हक्क असतो हे आपल्याकडे न्यायालयांनी मान्य करायला सुरुवात केली आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्रानं नक्कल करणाऱ्यांना अंतरिम मनाई केली. ते प्रसिद्ध आहेत, आपण नाही, त्यामुळे आपल्यासाठी लेखी करार हेच शस्त्र. 'आवाज यंत्रप्रशिक्षणासाठी वापरणार नाही' हे वाक्य त्यात घालून घ्या.

आता अबोलीताईंसाठी. घरात वाचाल तेव्हा काहीही वाचा. पण लोकांसाठी कुठं चढवणार असाल तर लेखकाचा हक्क बघा. आपल्याकडे तो लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. दिवाकर १९३१ साली गेले, गडकरी १९१९, साने गुरुजी १९५०. हे सगळे मोकळे. आवडत्या हयात लेखकाची कथा 'श्रेयासह' वाचली म्हणून ती चालते असं नाही, परवानगी लागते. जुन्या पुस्तकाचा नवा अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा. आणि मागे वाजवायला सिनेमातलं गाणं नको.

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), लिब्रिवॉक्स नावाचा उपक्रम २००५ पासून आहे. जगभरचे हौशी लोक हक्कमुक्त पुस्तकं वाचून देतात. आधी एक मिनिटाची चाचणी फाईल पाठवायची, ते पातळी आणि गोंगाट तपासून सांगतात. मात्र तिथं अमेरिकेतले हक्काचे नियम लागतात, आणि एकदा दिलेलं वाचन कोणीही कसंही वापरू शकतं, तेवढं माजघरांच्या अनुभवाच्या प्रकाशात ध्यानात घ्या.

स्पर्श (शुक्रवार, सकाळी १०:१०)

मी नाशिकचा, जन्मापासून दिसत नाही. धागा स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर ऐकला. तुम्ही सगळे वाचणाऱ्याच्या बाजूनं बोलताय, मी ऐकणाऱ्याच्या बाजूनं सांगतो.

मुंबईत वरळीला नॅबचं (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) बोलक्या पुस्तकांचं ग्रंथालय आहे, इतर शहरांतही संस्था आहेत, त्यांना वाचक लागतात. कॉपीराइटच्या कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाल्यापासून आमच्यासाठी अशी पुस्तकं बनवायला हक्काची आडकाठी नाही, फक्त ती आमच्यापुरतीच राहायला हवीत. २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय आहे, तिथं ऑनलाइन मिळतात. म्हणजे वाचून देणाऱ्यांचा आम्हाला तोटा, आणि तुम्हाला वाचायची हौस, असा मेळ आहे.

पण माझी तक्रारही आहे. हौशी लोक अभ्यासाचं पुस्तकसुद्धा रंगवून वाचतात. मला इतिहासाचं पुस्तक दीडपट वेगानं ऐकायचं असतं. त्यात पानिपतला वाचणाऱ्याचा गळा दाटून आला की मला काही कळत नाही. कादंबरी असेल तर जरूर रंगवा, तरी थोडं माझ्यासाठी ठेवा. रडायचं की नाही ते मी ठरवीन.

आणि गाळू नका. तक्ता आला की "इथे एक तक्ता आहे" म्हणून पुढं जातात. त्यातच तर माहिती असते. मथळा, पान क्रमांक, कंसातला मजकूर, तळटीप, सगळं वाचायचं. अबोलीताईंच्या सासूबाईंचं "वय राहिलं बघ" मी तीनदा ऐकलं. त्यांनी बरोबर पकडलं होतं.

बंड्या_मास्तर (शुक्रवार, सकाळी ११:००)

स्पर्श, दंडवत. बावीस वर्षांत माझ्या अभिनयावर एवढी नेमकी टीका कोणी केली नव्हती. मीही एका संस्थेसाठी दोन पाठ्यपुस्तकं 'रंगवून' वाचून दिली आहेत. त्या मुलांची क्षमा मागतो.

अबोली (रविवार, दुपारी ३:२०)

काल रात्री एक नाट्यछटा केली. कपाटात तोंड, मागे गोधडी, फोन एक वीत आणि तिरका, मोजा आईच्या भरतकामाच्या रिंगवर. चार मिनिटांच्या तुकड्याला सव्वा तास लागला, बारा टाळ्या. नवऱ्याला वाटलं आत आरती चालू आहे. दुवा इथंच टाकलाय, जाणकारांनी मीठ-मिरची न घालता सांगावं.

कानसेन (रविवार, रात्री ११:५०)

ऐकलं. १:४० ला तुमची लिफ्टवाली आहे, लांबून पण आहे. २:१५ ला 'जरा' टाळूवर गेला, तिथं थोडं या अर्थाचा आहे, म्हातारपणाचा नाही. ओठांची चकचक ऐकू येते, बसायच्या आधी चहा घेतला होतात. साधं पाणी, हिरवं सफरचंद असेल तर एक फोड.

आता चांगलं. दोन जागी तुम्ही समोरच्याचं ऐकायला थांबलात आणि मला त्याचं वाक्य ऐकू आलं. ती जागा बसायला लोकांना वर्ष लागतं. अजून महिनाभर माईक घेऊ नका.

स्पर्श (सोमवार, सकाळी ९:३०)

ताई, मीही ऐकली, दीडपट वेगानं. शब्द एकही विरघळला नाही. एक काम सांगू का? एका भरतीची जाहिरात आली आहे, सात पानं, पण स्कॅन केलेली आहे, माझा स्क्रीन रीडर तिला नुसतं चित्र म्हणतो. वाचून द्याल? रंगवायचं काही नाही त्यात.

अबोली (मंगळवार, दुपारी २:५५)

पाठवली आहे व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून). एकोणतीस मिनिटं. तक्ते आडवे वाचले, प्रत्येक रकान्याचं नाव दरवेळी सांगून. पदसंख्या दोनदा तपासली. टाळ्या फक्त सहा.

स्पर्श (मंगळवार, रात्री ८:४०)

मिळाली, आभार. सगळं नीट आहे. फक्त सातव्या पानावर तळाशी बारीक अक्षरात काही असेल तर बघा. वयोमर्यादेची सवलत तिथं असते, ती राहिली.

अबोली (मंगळवार, रात्री ८:५२)

आहे! बारीक अक्षरात, दोन ओळी. मी चष्मा बदलून पाहिलं. अहो, हे वाचून एवढी हसले की नवरा बाहेर आला. उद्या पहाटे करते, लिफ्टवाली झोपलेली असते तेव्हा.

वऱ्हाडी_ठेचा (मंगळवार, रात्री ११:१५)

वाखुसा (वाचनखूण साठवली). कानसेनभौ, वऱ्हाडीत दोन मिनिटं केले आहेत, व्यनि पहा. अन् त्यात एकदाबी 'बाप्पा' नाही.